शेतकरी कुटुंब आणि प्राप्तिकर : उसाचे बिल कोणाच्या नावे?

उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या एका गावी खोडवा उसाविषयी शेतकऱ्यांची सभा भरली होती. पाचट न जाळता सरीत आच्छादावे, बुडखे जमिनीलगत छाटावे, खत पहारीने द्यावे हे नेहमीचे विषय संपले व मंडळी उठू लागली. तेव्हा मागच्या बाजूस बसलेले एक गृहस्थ पुढे आले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून त्यांच्या घरी सहा एकर बागायत आहे. त्यांनी विचारले, "साहेब, उसावर कर नाही, आणि पगार बारा लाखांच्या आत असला तर त्यावरही कर नाही. मग आमच्या घरात कोणालाच प्राप्तिकर लागू नाही, असे धरून चालावे ना?"

प्रश्न खताचा नव्हता, तरी तो शेतीचाच होता. त्यांच्या विधानातील दोन्ही गोष्टी सुट्या घेतल्या तर खऱ्या आहेत. दोन्ही एकत्र आणल्या की मात्र उत्तर बदलते. कित्येक शेतकरी कुटुंबांत आज एक भाऊ नोकरीत, दुसरा शेतीवर आणि दुधाचा जोडधंदा अशी विभागणी असते. अशा घरांनी कराचा कायदा थोडा समजून घेतला, तर जो कर द्यावा लागत नाही तो चुकून भरला जाणार नाही आणि जो द्यावयाचा आहे तो दंडासह भरण्याची पाळी येणार नाही. ह्याच हेतूने त्या कुटुंबाचा हिशेब येथे मांडला आहे. समजण्यास सोपे जावे म्हणून आकडे पूर्ण धरले आहेत.

प्रथम मूळ नियम पाहू. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाही. ही सूट आजकालची नव्हे. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरी रिकामी झाली, तेव्हा जेम्स विल्सन ह्यांनी १८६० साली हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. त्या पहिल्या कायद्यात शेतीचे उत्पन्नही करास पात्र होते. पुढे १८८६ च्या कायद्याने ते वगळले गेले व आजतागायत वगळलेलेच आहे. राज्यघटनेने शेती उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार राज्यांकडे ठेवला आहे, केंद्राकडे नाही.

पण 'शेतीचे उत्पन्न' म्हणजे काय, ह्याची कायद्यातील व्याख्या आपण गावात ज्या सैल अर्थाने हा शब्द वापरतो त्याहून पुष्कळ अरुंद आहे. राजा बिनयकुमार सहासराय ह्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ह्याचा खुलासा केला. नांगरट, पेरणी, लागण ह्यांसारखी मूळ कामे माणसाने श्रम व कौशल्य खर्चून प्रत्यक्ष जमिनीवर केलेली असली पाहिजेत. खुरपणी, राखण, कापणी ही त्या मूळ कामांच्या जोडीने आली तर शेतीत धरतात, एकटी आली तर नाही. रानात आपोआप वाढलेली झाडे तोडून विकली, तर ते उत्पन्न शेतीचे ठरत नाही.

ह्या कसोटीवर जोडधंदे लावून पाहावेत. गाईम्हशींचे दूध, कोंबड्या, शेळ्या, मधमाशा, मासे ह्यांपासून होणारे उत्पन्न शेतीचे नव्हे. गोठा शेतात आहे व वैरण घरची आहे म्हणून त्यात फरक पडत नाही. तुतीचा पाला हे शेतीचे पीक आहे, पण त्यावर पोसलेल्या रेशीमकिड्यांचे कोष विकून आलेला पैसा शेतीचा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिला. उलट, रोपवाटिकेत तयार केलेल्या रोपांचे व कलमांचे उत्पन्न कायद्यात २००८ साली झालेल्या दुरुस्तीमुळे शेतीचेच मानले जाते. आमच्या भागातील भाजीपाल्याच्या रोपवाटिकाधारकांना हे माहीत असणे अगत्याचे आहे, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांस ते माहीत नसते.

गुऱ्हाळाचा प्रश्न नेहमी विचारला जातो. पीक बाजारात नेण्याजोगे करण्यासाठी शेतकरी सामान्यतः जी प्रक्रिया करतो, ती शेतीतच मोडते. भात झोडणे, हळद शिजवून वाळविणे, तंबाखू सुकविणे ही त्याची उदाहरणे होत. परंतु जो माल आहे त्याच स्थितीत विकला जातो, त्यावर पुढे केलेली प्रक्रिया हा धंदा होतो. ऊस कारखान्यास जसाच्या तसा विकता येतो. म्हणून घरच्या उसाचा गूळ केल्यास उसाच्या बाजारभावाइतकी रक्कम शेतीची आणि त्यावर गुळाने मिळवून दिलेला जादा नफा धंद्याचा, अशी फोड करावी लागते.

जमिनीच्या भाड्यासही हीच कसोटी लावावी. जमीन कसण्यासाठी खंडाने दिली तर खंड शेतीचे उत्पन्न आहे. तीच जमीन मोबाइलच्या मनोऱ्यासाठी, वीटभट्टीसाठी किंवा मंगल कार्याच्या मांडवासाठी दिली तर भाडे करपात्र आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीस हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे असून त्यात दरसाल ३ टक्के वाढ आहे. माळरानाच्या जमिनीस हे चांगले उत्पन्न होय, पण त्या जमिनीत पीक नसल्यामुळे ते शेती उत्पन्न म्हणून दाखवू नये.

आता गुरुजींच्या घराकडे वळू. सहा एकर जमीन त्यांच्या वडिलांनी स्वकष्टाने घेतलेली. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर आई व दोघे भाऊ अशी तीन नावे लागली. वारस तिघेच. वडिलांच्या नावचा कारखान्याचा भाग मात्र थोरल्याच्या नावे झाला. त्यामुळे उसाची नोंद त्यांच्या नावे आणि बिलही त्यांच्याच बँक खात्यात. ऊस ३०० टन, तोडणी व वाहतूक वजा जाता दर ३,००० रुपये, म्हणजे बिल ९ लाखांचे. बेणे, खते, पाणीपट्टी, वीज, मजुरी व मशागत मिळून खर्च ३ लाख. निव्वळ उत्पन्न ६ लाख. गुरुजींचा पगार, प्रमाणित वजावटीचे ७५ हजार वजा जाता, १० लाख.

येथे १९७३ साली आलेला एक नियम लागू होतो, आणि तो गावात क्वचितच कोणास ठाऊक असतो. शेती उत्पन्न व संपत्ती ह्यांवरील करांचा विचार करण्यासाठी डॉ. के. एन. राज ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९७२ साली आला व त्यानंतर हा नियम आला. शेती उत्पन्नावर कर नाही, पण दुसऱ्या उत्पन्नावर कराचा कोणता दर लागावा हे ठरविताना शेती उत्पन्न विचारात घेतले जाते. त्यास दोन अटी आहेत. निव्वळ शेती उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांपेक्षा अधिक असावे, आणि शेतीखेरीजचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असावे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच हिशेब पुढे जातो. जो केवळ शेतीच करतो त्यास ह्या नियमाची भीती नाही, मग त्याचा ऊस कितीही टनांचा असो.

२०२५-२६ ह्या वर्षासाठी नव्या करपद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के व पुढे चढते दर आहेत. एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६० हजार रुपयांपर्यंतची करसवलत मिळते व त्यामुळे कर शून्य होतो. लोकांच्या तोंडी असलेले 'बारा लाखांपर्यंत कर नाही' हे वाक्य ह्या सवलतीवरून आले आहे. ती सूट नसून सवलत आहे व तिला ६० हजारांची मर्यादा आहे, हे त्या वाक्यात येत नाही.

गुरुजींनी सर्व ६ लाख स्वतःचे म्हणून दाखविले, तर हिशेब असा होईल. पगार १० लाख व शेती ६ लाख मिळून १६ लाख. त्यावरील कर १ लाख २० हजार. त्यातून, शेतीचे ६ लाख व करमुक्त मर्यादेचे ४ लाख मिळून १० लाखांवर जो कर येतो तो, म्हणजे ४० हजार, वजा करावयाचा. उरले ८० हजार. एकूण उत्पन्नात शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, म्हणून ते १० लाखच राहते व सवलत मिळते. पण ती ६० हजारांचीच. शिल्लक २० हजार, त्यावर ४ टक्के उपकर ८०० रुपये. भरावयाचे २०,८०० रुपये.

हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा गुरुजी बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ऊस दाखविलाच नाही, तर शून्य." गावात मिळणारा सल्ला बहुधा हाच असतो, आणि तो चुकीचा आहे. कारखान्याचे बिल बँकेतून येते. बचत खात्यात वर्षभरात १० लाख रुपये किंवा अधिक रोकड भरली गेल्यास बँक ते प्राप्तिकर विभागास कळविते. मोठ्या व्यवहारांची नोंद करदात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात उमटते. खोटी माहिती देऊन उत्पन्न दडविल्यास त्यावरील कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. वीस हजारांसाठी सरकारी नोकराने हा धोका पत्करावा, असे मला वाटत नाही.

खरा उपाय कायद्यातच होता. हा ऊस एकट्या गुरुजींचा नाहीच. जमीन तिघांची, म्हणून उत्पन्नही तिघांचे. प्रत्येकी २ लाख. आता गुरुजींचा हिशेब पुन्हा मांडू. पगार १० लाख व शेतीचे २ लाख मिळून १२ लाख, त्यावर कर ६० हजार. शेतीचे २ लाख व ४ लाख मिळून ६ लाखांवरील कर १० हजार, तो वजा. उरले ५० हजार. ते ६० हजारांच्या सवलतीत पूर्ण बसते. भरावयाचा कर शून्य. काहीही न लपविता, केवळ ज्याचे उत्पन्न त्याच्या नावे दाखविल्याने २०,८०० रुपये वाचले.

परंतु ही वाटणी केवळ कागदावर राहून उपयोगी नाही. आईचा व भावाचा वाटा खरोखर त्यांच्या खात्यात गेला पाहिजे. बिल जमा झाल्यावर खर्च वजा करून दोघांच्या खात्यांत बँकेतूनच रक्कम वळती करावी. वहीत तारीख घालून नोंद ठेवावी. ऊस नोंदही शक्य तेथे प्रत्येकाच्या नावे त्याच्या क्षेत्राप्रमाणे करून घ्यावी. एकत्रित खात्याची रीतसर फोड करावयाची असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. जमीन वडिलोपार्जित व कुटुंब एकत्र असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे हिंदू अविभक्त कुटुंब हीच प्राप्तिकराच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते व शेती उत्पन्न तिच्या नावे दाखवावे लागते, कर्त्याच्या वैयक्तिक पगारात मिळवावे लागत नाही. आपली जमीन ह्यांपैकी कोणत्या प्रकारची हे जुने फेरफार पाहून ठरवावे. ह्यात शंका असेल तर वकिलाची किंवा सनदी लेखापालाची फी देणे स्वस्त पडते.

धाकट्या भावाचा धंदा दुधाचा. संघाकडून वर्षास साडेसात लाखांचे बिल बँकेत येते. ते करपात्र आहे हे ऐकून तो घाबरला होता, पण बिल म्हणजे उत्पन्न नव्हे. लहान धंद्यांसाठी कायद्यात अंदाजित नफ्याची पद्धत आहे. बँकेतून आलेल्या उलाढालीवर किमान ६ टक्के, रोखीने आलेल्यावर किमान ८ टक्के नफा दाखविला की पेंड, औषधे, मजुरी ह्यांच्या पावत्यांचा तपशीलवार हिशेब द्यावा लागत नाही. साडेसात लाखांवर ६ टक्के म्हणजे ४५ हजार. प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवावा. समजा तो २ लाख झाला, तरी ४ लाखांच्या आत. करही नाही आणि शेती उत्पन्न मिळविण्याची अटही पुरी होत नाही.

त्याच्या मनात दुसरी भीती होती. थोरल्या भावाने विवरणपत्र भरले तर आपला पीएम-किसानचा हप्ता बंद होईल काय? त्या योजनेत मागील करनिर्धारण वर्षी प्राप्तिकर भरलेल्यांस लाभ नाही, हे खरे. पण तेथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले. भावाचे कुटुंब वेगळे. शिवाय कर भरणे निराळे व विवरणपत्र भरणे निराळे. ज्याच्या विवरणपत्रात कर शून्य आहे, तो कर भरणारा ठरत नाही. ह्या गैरसमजापायी कापलेला कर परत मागण्याचे सोडून देणारे शेतकरी मी पाहिले आहेत.

आईचीच गोष्ट पाहा. रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीची भरपाई त्यांनी बँकेत ठेवली आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालील निवाड्याने मिळणाऱ्या भरपाईवर प्राप्तिकर नाही. भरपाईस उशीर झाल्याबद्दल मिळणाऱ्या व्याजाची गोष्ट वेगळी. ते करपात्र असून त्यातून निम्मी रक्कम वजावट मिळते. आईच्या ठेवीवर वर्षास सुमारे १ लाख २० हजार व्याज येते. ज्येष्ठ नागरिकांना १ लाखापर्यंतच्या व्याजावर बँक कर कापत नाही, त्यापुढे कापते. बँकेने १२ हजार कापले. आईचे करपात्र उत्पन्न ४ लाखांच्या कितीतरी आत आहे. लोक ज्याला १५-एच म्हणून ओळखतात ते घोषणापत्र वर्षाच्या आरंभीच बँकेस दिले असते, तर काहीच कापले गेले नसते. साठ वर्षांखालील व्यक्तींसाठी असेच १५-जी आहे. आता कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागावी लागेल. पॅन व आधार जोडलेले असावे, नाही तर तेही अडते.

ठेवी पत्नीच्या नावे फिरवून व्याज विभागण्याची युक्ती पुष्कळजण सुचवितात. ती चालत नाही. पत्नीस मोबदला न घेता दिलेल्या पैशाचे व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते.

नोकरदार शेतकऱ्यांनी मार्च महिन्यात विमा उतरविताना थोडे थांबावे. आयुर्विमा, भविष्यनिर्वाह निधी, सुकन्या समृद्धी ह्यांवरील दीड लाखापर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही. २०२३-२४ पासून नवी पद्धतच मूळ धरली जाते व जुनी हवी असल्यास तशी निवड करावी लागते. मुलीसाठी बचत करावी ती मुलीसाठी. केवळ कर वाचविण्यासाठी म्हणून गळ्यात घातलेली वीस वर्षांची पॉलिसी नव्या पद्धतीतील माणसास एक पैसाही कर वाचवून देत नाही. विकणारे हे सांगत नाहीत.

रोखीच्या व्यवहारांत शेतकरी अजाणता सापडतात. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारापोटी २ लाख रुपये वा अधिक रोख घेण्यास मनाई आहे व ती शेतकऱ्यासही लागू आहे. घेणाऱ्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. त्या आतली रोख रक्कम शेतमालापोटी व्यापाऱ्याकडून घेण्यास प्रतिबंध नाही. हातउसन्याचा नियम त्याहून कडक आहे. २० हजार रुपये किंवा अधिक कर्ज रोखीने घेता येत नाही. देणारा व घेणारा दोघांनाही शेतीचे उत्पन्न असून दोघांपैकी कोणासही करपात्र उत्पन्न नसेल, तर मात्र ही मनाई नाही. म्हणजे दोन निव्वळ शेतकरी एकमेकांस पन्नास हजार रोख देऊ शकतात, पण पगारदार गुरुजींनी धाकट्या भावास ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी तेच रोखीने दिले तर नियमभंग होतो. घरातल्या घरातही बँकेतूनच द्यावे.

जमीन विकण्याचा विचार असेल तर अंतर मोजावे. दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या नगरपालिका हद्दीपासून २ किलोमीटर, एक ते दहा लाखांपर्यंत ६ किलोमीटर व त्यापुढे ८ किलोमीटर, हे अंतर रस्त्याने नव्हे तर सरळ रेषेत धरतात. त्याबाहेरील शेतजमिनीच्या विक्रीतील नफ्यावर कर नाही. आतील जमिनीवर आहे. पण ती जमीन विक्रीपूर्वी दोन वर्षे स्वतः किंवा आईवडिलांनी कसलेली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर तिच्यात गुंतविलेल्या नफ्यापुरती सूट मिळते.

कर सोपा करण्याचे प्रयत्न अलीकडे झाले आहेत. १९६१ चा कायदा जाऊन त्याच्या जागी प्राप्तिकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. जुन्या कायद्यातील ८१९ कलमे होती, ती ५३६ वर आली. शब्दसंख्या सुमारे ५ लाख १२ हजारांवरून २ लाख ६० हजारांवर आली. 'मागील वर्ष' व 'करनिर्धारण वर्ष' ही दुहेरी भाषा जाऊन 'कर वर्ष' हा एकच शब्द राहिला. कलमांचे क्रमांक बदलले असल्याने ह्या लेखात ते दिलेले नाहीत. तिकडे वस्तू व सेवा कराचे दरही कमी व मोजके झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर व ठिबक संचावरील दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. स्वतःच्या जमिनीतील पीक विकणाऱ्या शेतकऱ्यास त्या कराखाली नोंदणी करावी लागत नाही, हे पूर्वीप्रमाणेच आहे.

तरीही कायद्याची पाने कमी होणे आणि शेतकऱ्यास कायदा समजणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. शेती उत्पन्न मिळवून व वजा करून दर ठरविण्याची वर सांगितलेली रीत तशीच आहे. संगणक ती क्षणात करतो, पण ज्याला ती ठाऊकच नाही तो संगणकास शेती उत्पन्न सांगतच नाही. 'बारा लाखांपर्यंत कर नाही' ह्या वाक्याबरोबर 'शेती असल्यास हिशेब पाहा' एवढे चार शब्द जाहीर झाले असते, तर गुरुजींसारख्या हजारो नोकरदारांस बरे पडले असते. तोवर हे सांगण्याचे काम ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावे. कर भरून देणे हे त्यांचे काम नव्हे, पण कोणत्या कागदाने काय सिद्ध होते हे त्यांना सांगता येते.

त्या कागदांत सर्वांत महत्त्वाचा सातबारा. शेती उत्पन्न ५ हजारांपेक्षा अधिक असेल तर विवरणपत्राचा पहिला, सोपा नमुना चालत नाही. दुसरा नमुना घ्यावा लागतो. शेती उत्पन्न ५ लाखांपेक्षा अधिक असल्यास त्यात जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की खंडाची, बागायत की जिरायत हे लिहावे लागते. पीक नोंद गाव नमुना बारामध्ये असते व ती आता ई-पीक पाहणीतून होते. विवरणपत्रात सहा एकर ऊस आणि सातबाऱ्यावर पडीक अशी विसंगती असेल, तर खरे उत्पन्नही खोटे वाटू लागते. मागील वर्षी ह्याच गावात ई-पीक पाहणी न केलेली खाती पुष्कळ होती. कारण विचारले तर, "त्याने काय मिळते?" हेच उत्तर. पीक विमा व अनुदानाइतकाच हाही उपयोग सांगावा.

शेतीत तोटा झाला तरी तो लिहून ठेवावा. दर ठरविण्याच्या हिशेबात तो पुढील आठ वर्षांच्या शेती उत्पन्नातून वजा करता येतो. पूर आला, ऊस कुजला, पण खर्चाची वही नाही, अशा वेळी ही सोय हातची जाते. वहीस फार काही लागत नाही. तारीख, कोणास, कशासाठी, किती, एवढे चार रकाने पुरेत. खताच्या पावत्या व कारखान्याच्या बिलाच्या प्रती तिच्यातच टाचून ठेवाव्यात.

गुरुजींनी त्याच आठवड्यात आईच्या व भावाच्या वाट्याचे प्रत्येकी २ लाख त्यांच्या खात्यांत पाठविले. आईचे विवरणपत्र मुदतीपूर्वी, म्हणजे ३१ जुलैच्या आत, भरून १२ हजारांचा परतावा मागावयाचा ठरला आहे. कारखान्याच्या गट कार्यालयात तिघांच्या नावे स्वतंत्र ऊस नोंद करण्याचा अर्ज दिला असून आडसाली लागणीपासून ती व्हावी, अशी त्यांची विनंती आहे. धाकट्याने एक नवी वही आणली. तिच्या पहिल्या पानावर त्याने खर्च लिहिला आहे तो वहीचाच.